छोटा फ्लॅट अडतो कुठे? बडोद्यात वन बीएचके विकणाऱ्यांसाठी

वन रूम किचन किंवा वन बीएचके बरेच महिने पडून राहिला की मालक दोनच गोष्टी करतात: भाव उतरवतात, नाहीतर दलाल बदलतात. दोन्हींच्या आधी फ्लॅट नेमका कुठल्या पायरीवर अडतोय ते शोधा. फोनच येत नाहीत? लोक बघून जातात आणि परत फिरकत नाहीत? की बोलणी ठरतात, टोकन दिलं जातं आणि मग सौदा फिसकटतो? तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. फोन येत नसतील तर भाव किंवा जाहिरात चुकली आहे. बघून गप्प होत असतील तर घरातच काहीतरी खटकतंय. ठरलेलं मोडत असेल तर कागद किंवा बँक. महिनाभर एका वहीत नोंद ठेवा: कोणी पाठवलं, काय विचारलं, कुठे थांबले. आठ-दहा नोंदींत चित्र दिसायला लागतं.

छोट्या फ्लॅटचं खरं दुखणं बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवर असतं आणि मालक मेहनत घेतात पहिलीवर. मोठा बंगला घेणाऱ्याकडे वकील असतो, सीए असतो, थांबायची ताकद असते. वन बीएचके घेणारा मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरीला असतो, लग्नाला दोन वर्षं झालेली असतात, आणि पै-पै जोडून पहिल्यांदा घर घेत असतो. बँकेने एक कागद मागितला आणि तो मिळाला नाही की तो पुढचा फ्लॅट बघायला जातो. त्यामुळे कामाचा क्रम आधी कागद, मग घर, शेवटी भाव असा ठेवा.

गिऱ्हाइकाच्या खिशात किती हवेत

समजा, तुम्ही २२ लाख मागताय. बँकेचा मूल्यांकन करणारा येऊन २० लाख लावतो. जुन्या इमारतीत असा फरक पडतोच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, आणि ते सौद्याची किंमत आणि मूल्यांकन यांत जे कमी त्यावर. म्हणजे कर्ज झालं तर १८ लाख. वरचे ४ लाख गिऱ्हाइकाचे. त्यात स्टॅम्प ड्यूटी: गुजरातमध्ये मूळ ३.५ टक्के आणि त्यावर ४० टक्के अधिभार, म्हणजे ४.९ टक्के. २२ लाखांवर १,०७,८००. नोंदणी फी १ टक्का, २२,००० (दस्तावेज, म्हणजे खरेदीखत, फक्त महिलेच्या नावावर असेल तर ही फी माफ). दलाली १ टक्का धरली तर आणखी २२,०००. बेरीज ५,५१,८००. वकील आणि बँकेची फी वेगळी. स्टॅम्प ड्यूटीचे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही, हे बऱ्याच नवख्या जोडप्यांना टोकन दिल्यावर कळतं आणि तिथेच सौदा बसतो.

तुमचा फ्लॅट २२ लाखांना महाग आहे की नाही हा वाद नंतरचा. ज्याच्याकडे स्वतःचे साडेपाच-सहा लाख आहेत आणि ज्याचा पगार हप्ता झेलू शकतो, असाच माणूस तुमचा गिऱ्हाईक आहे. फोनवरच हळूच विचारून घ्या: कर्ज काढणार का, बँकेशी बोलणं झालंय का? उत्तर ऐकून अर्ध्या खेपा वाचतात.

इमारतीचं वय हप्त्यावर कसं बसतं तेही पाहा. १८ लाख, ८.५ टक्के व्याज: २० वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे १५,६००. इमारत तीस-पस्तीस वर्षांची आहे म्हणून बँकेने मुदत १० वर्षांवर आणली तर तोच हप्ता सुमारे २२,३००. फ्लॅट तोच, किंमत तीच, महिन्याला ६,७०० जास्त. अशा इमारतीत भाव एक लाखाने उतरवून फारसं काही हाती लागत नाही. त्याऐवजी दोन-तीन बँकांत आधीच जाऊन विचारा की आमच्या बिल्डिंगवर किती वर्षांचं कर्ज देता. शेजाऱ्यांपैकी कोणी गेल्या दोन-तीन वर्षांत कर्ज काढून घेतलं असेल तर त्या बँकेकडे इमारतीची फाइल आधीच पडलेली असते; गिऱ्हाइकाला त्याच शाखेचं नाव सांगा. काही कर्जसंस्थांची किमान कार्पेट एरियाची (घराच्या आतल्या वापरायच्या जागेची) अटही असते, म्हणून वन रूम किचनवाल्यांनी हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा.

आता रोकडीचं. ‘थोडे दस्तावेजात, बाकी हातात’ अशी मागणी छोट्या फ्लॅटच्या सौद्याला सगळ्यात जास्त मारक आहे. दस्तावेज १४ लाखांचा झाला तर कर्ज फार तर १२.६ लाख मिळतं, उरलेले ९.४ लाख गिऱ्हाइकाने कुठून आणायचे? शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच, तोही घेणाऱ्याला. करापोटी जी बचत वाटते ती नीट मोजा. फ्लॅट २४ महिन्यांहून जास्त काळ तुमचा असेल तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, तोही पूर्ण किमतीवर नव्हे, नफ्यावर. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी मालकाला इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा पर्यायही आहे, त्यामुळे जुन्या फ्लॅटला कर बऱ्याचदा किरकोळ निघतो. सीएकडून एकदा आकडा काढून आणा. पूर्ण चेकने घ्यायला तयार असलेला मालक जाहिरातीत तसं लिहू शकतो आणि ती एक ओळ चार फोटोंपेक्षा जास्त फोन आणते.

कागदांची फाइल

फाइल घर दाखवायच्या आधी तयार हवी. त्यात: तुमच्या नावाचा नोंदलेला दस्तावेज आणि त्याआधीच्या मालकांचे दस्तावेज, प्रत्येकाचा इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा सौद्याचा उतारा), जमिनीचा एन.ए. (बिगरशेती) हुकूम, रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि मंजूर नकाशा, बी.यू. (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची) परमिशन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची बाकी नसल्याचा दाखला, वेरा (घरपट्टी) भरल्याची पावती, ताजं वीजबिल. सगळ्याची एक झेरॉक्स फाइल आणि मोबाइलवर स्कॅन. गिऱ्हाइकाने मागितल्यावर त्याच संध्याकाळी पाठवता आली पाहिजे.

सर्वांत जास्त सौदे अडतात ते बी.यू. परमिशनवर. बडोद्यातल्या कितीतरी जुन्या लो-राइज इमारती लोक राहायला जाऊन पिढी उलटली तरी बी.यू.शिवाय आहेत. बँक ते मागते, कारण त्याशिवाय बांधकाम नकाशाप्रमाणे झालंय याला पुरावा नाही. आधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे विचारा. नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी शाखेत जुन्या रजाचिठ्ठीचा नंबर घेऊन नक्कल मागा. अनधिकृत बांधकाम नियमित करायचा गुजरातचा कायदा २०२२ मध्ये आला, ज्याला सगळे ‘इम्पॅक्ट फी’ म्हणतात. तुमच्या इमारतीने तेव्हा अर्ज केला होता का, मंजुरीचा हुकूम निघाला का, एवढं शोधा. हुकूम असेल तर त्याची प्रत फाइलीत सगळ्यात वर ठेवा.

मंजूर नकाशा हाती नसेल तर मूल्यांकन करणारा हात राखून आकडा लावतो. आणि नकाशा असूनही घर तसं नसेल, म्हणजे गॅलरी बंद करून स्वयंपाकघर पुढे आणलंय किंवा वॉशची चोकडी (धुण्याची मोरी) आत घेऊन बेडरूम वाढवली आहे, तर तो वाढीव भाग धरतच नाही. गॅलरीला फक्त सरकती काच असेल तर चालून जातं. भिंत बांधली असेल तर आधीच सांगून टाका. मूल्यांकनाच्या दिवशी कळण्यापेक्षा बरं.

घर आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर राहिलं असेल (दांडिया बाजार, बाबाजीपुरा, प्रतापनगर या भागांत हे घरोघरी दिसतं) तर गिऱ्हाईक शोधण्याआधी वारसाई उरकून घ्या. मृत्यूचा दाखला, पेढीनामा (वारसांची वंशावळ), सगळ्या वारसांची संमती किंवा हक्क सोडल्याचा नोंदलेला दस्त. बहिणीची सही ‘ती काही म्हणणार नाही’ या भरवशावर ठेवू नका. वारस परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्राला वेळ लागतो. शिवाय विकणारा अनिवासी भारतीय असेल तर गिऱ्हाइकाला टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो आणि तिथे निवासी विक्रेत्यासाठी असलेली ५० लाखांची मर्यादा लागू नाही. वीस लाखांच्या फ्लॅटलाही तो लागतो. साधा पगारदार गिऱ्हाईक हे ऐकूनच घाबरतो. आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचा दाखला काढता येतो; तो आधी काढा, मग जाहिरात.

शहराच्या काही भागांत अशांत धारा लागू आहे. १९९१ च्या या कायद्याप्रमाणे जाहीर केलेल्या भागात मालमत्ता विकायला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते, त्याशिवाय दस्तावेज नोंदला जात नाही. यादी वेळोवेळी वाढत आली आहे, म्हणून ‘आमच्याकडे कधी लागली नाही’ हे दहा वर्षांपूर्वीचं ज्ञान पुरणार नाही. तुमची सोसायटी त्या यादीत असेल तर परवानगीला लागणारा वेळ बानाखताच्या (दस्तावेजाआधीच्या विक्री कराराच्या) मुदतीत धरा.

तुमचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि तिच्याकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. गिऱ्हाइकाची बँक तुमचं कर्ज थेट फेडते आणि कागद ताब्यात घेते. पद्धत रुळलेली आहे, लपवायचं कारण नाही. कर्ज आधीच फिटलं असेल आणि कागद मिळाले नसतील तर लक्षात ठेवा, पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे आणि उशिराला दिवसाला ५,००० भरपाई आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. प्रॉपर्टी कार्डावर किंवा सात-बाऱ्यावर बोजा दिसत असेल तर तोही कमी करून घ्या.

घर मोजा, मग सजवा

बडोद्यात भाव अजूनही सुपर बिल्टअपवर (भिंती, जिना यांचा हिस्सा धरून) बोलला जातो. ‘सहाशे फुटांचा वन बीएचके’ म्हणून आलेला माणूस आत शिरतो आणि त्याला चारशे दिसतात. तो काही बोलत नाही, ‘कळवतो’ म्हणून जातो. म्हणून कार्पेट स्वतः मोजा. प्रत्येक खोली आतून, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत, जमिनीपासून तीन-एक फुटांवर टेप धरून; लांबी दोन ठिकाणी, कारण जुन्या भिंती काटकोनात नसतात. रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, गॅलरी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. गॅलरीचं माप वेगळं लिहा. मग एका कागदावर साधा नकाशा काढा: मापं, दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडक्या, उत्तर दिशा. हा कागद प्रत्येक येणाऱ्याच्या हातात द्या. घरी गेल्यावर नवरा-बायको त्यावरच पलंग ठेवून बघतात.

आणि पलंगाचाच प्रश्न मोठा. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये सहा बाय साडेसहाचा पलंग ठेवला की एका बाजूला चार फूट उरतात. त्यात दोन फूट खोलीचं कपाट लावलं की चालायला दोन. त्या दोन फुटांत दार आत उघडत असेल तर खोली मेली. अडीच फुटांचं दार उघडताना जवळपास पाच चौरस फूट जमीन खातं. बाथरूमचं दार सरकतं करणं किंवा बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडणारं करणं हे सुताराचं एका दिवसाचं काम आहे आणि छोट्या घरात त्याइतकं फळ देणारं दुसरं काम नाही.

घर रिकामं दाखवावं की सामानासह? लोकांना वाटतं रिकामं मोठं दिसतं. उलट होतं: रिकाम्या छोट्या खोलीत पलंग मावेल का हे कळत नाही आणि माणूस ‘नाही मावणार’ असंच धरतो. एक पाच बाय साडेसहाचा पलंग, एक कपाट, हॉलमध्ये दोन आसनी सोफा एवढं असू द्या. बाकी सगळं काढा. माळियावरून बाहेर डोकावणारी पिंपं आणि गाद्या, दारामागची छत्र्यांची रास, गॅलरीतलं मोडकं कूलर: हे सगळं ‘इथे जागा पुरत नाही’ असं ओरडून सांगतं. फ्रिजची जागा मात्र दाखवून द्या. अडीच फूट रुंद कोपरा आणि मागे प्लग पॉइंट असा कोपरा स्वयंपाकघरात नसेल तर तो हॉलमध्ये कुठे येईल ते ठरवून पॉइंट काढून ठेवा. वॉशिंग मशीनचंही तसंच: चोकडीत नळ, निचरा आणि पॉइंट तिन्ही हवेत.

भिंत पाडून हॉल आणि किचन एक करायचा मोह आवरा. आर.सी.सी. चौकटीच्या इमारतीत साडेचार इंची आतली भिंत बहुधा भार घेत नाही, पण सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या वीटबांधकामाच्या इमारतीत नऊ इंची भिंतीवर वरचा स्लॅब टेकलेला असतो. इंजिनिअरने बघितल्याशिवाय हात लावू नका. आणि विकायचंच आहे तर लावूच नका. नकाशाशी फरक पडून बँकेत नवी अडचण उभी राहते.

ओल हा बघून गप्प होणाऱ्या गिऱ्हाइकांचा पहिला शत्रू. ओलीवर रंग मारून घर दाखवणं बिनकामाचं: क्षार आतून रंग ढकलतात आणि काही आठवड्यांत पोपडे परत येतात, तेही नेमके मूल्यांकनाच्या दिवसांत. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा डागावर चारही कडांना टेपने पक्का चिकटवा आणि २४ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय; बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा. डाग वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली असेल तर वरच्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूमची जाळी बंद करा, इंचभर पाणी २४ तास साठवा आणि खाली डाग वाढतो का बघा. वाढला तर जोड किंवा ट्रॅप गळतोय. वरच्या बाजूने दुरुस्त केल्याशिवाय खालून काहीही करून उपयोग नाही. गळती थांबल्यावर गिलावा विटेपर्यंत काढा, वाळू द्या, नवा गिलावा करा आणि तीन-चार आठवडे सुकल्यावरच पुट्टी, प्रायमर, रंग. घाईने ओल्या गिलाव्यावर पुट्टी केली की तीच गत. हे काम पावसाळ्याआधी उरका.

रंग फिकट, छत पांढरं, एवढंच. हॉलला २० वॉटच्या दोन एलईडी पट्ट्या पुरतात. पिवळट एकच बल्ब असलेलं घर आहे त्याहून लहान वाटतं. खिडकीवरचा जाड पडदा आणि कूलरसाठी लावलेला प्लायवूड काढा.

वरच्या मजल्याला उन्हाचा प्रश्न येतो. एप्रिल-मेमध्ये बडोद्याचा पारा ४० च्या पुढे असताना धाब्याखालचा फ्लॅट दुपारी दाखवलात तर गिऱ्हाईक आत टिकणार नाही. धाब्यावर चायना मोझॅक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) असेल तर ते फुटकं-तुटकं सांधून, धुऊन पांढरं ठेवा. नसेल तर सोसायटीच्या परवानगीने पांढरा उष्णतारोधक थर मारून घ्या. धाब्याचा वापर सगळ्यांना खुला आहे हेही सांगा, उत्तरायणात पतंग उडवताना त्याची किंमत कळते. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट वयस्कर गिऱ्हाइकाला दाखवण्यात दोघांचाही वेळ जातो. तो तरुण जोडप्यांना किंवा भाड्यासाठी घेणाऱ्यांना दाखवा.

तळमजल्याचा प्रश्न पाण्याचा. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर समा, अकोटा, मुंजमहुडा अशा भागांत प्रत्येक गिऱ्हाईक विचारतो, पाणी कुठपर्यंत आलं होतं? खोटं बोलू नका, शेजारी सांगतातच. पाणी आलं नसेल तर तसं सोसायटीच्या चेअरमनलाच सांगू द्या. आलं असेल तर कितपत आलं ते सांगा आणि त्यानंतर काय केलं ते दाखवा: मीटर आणि मेन स्विच वर चढवले का, खालचे प्लग पॉइंट उंचावले का, ड्रेनेजच्या लाइनला पाणी उलटू न देणारा झडपेचा वाल्व्ह बसवला का. ही कामं झाली नसतील तर विकण्याआधी करा, खर्च फार नाही.

कोणाला विकताय, आणि कितीला

एकाच जाहिरातीने सगळे येत नाहीत. फतेगंज, सयाजीगंज, निझामपुऱ्यात युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांना भाड्याने देण्यासाठी घेणारे असतात; वाघोडिया रोडलाही कॉलेजांमुळे तसंच. त्यांना आकडे हवेत. २२ लाखांच्या घराला महिना ८,००० भाडं म्हणजे वर्षाला ९६,०००. मेंटेनन्स आणि वेरा मिळून १५,००० वजा केले की ८१,०००, म्हणजे ३.७ टक्क्यांच्या आसपास. मुदत ठेवीशी तुलना ते करणारच. म्हणून सोसायटी अविवाहित मुलांना भाड्याने द्यायला परवानगी देते का, ते आधी लेखी घ्या. नाही म्हणत असेल तर या गिऱ्हाइकांच्या मागे लागू नका. मांजलपूर, मकरपुरा, तरसालीकडे नोकरदार जोडपी. त्यांच्यासाठी बाइकचं पार्किंग, पाण्याची वेळ, पाइप गॅस. राजमहल रोड, रावपुरा, दांडिया बाजाराकडे मुलं परगावी असलेले एकटे-दुकटे ज्येष्ठ. त्यांना पायऱ्या मोजून सांगा, खंडेराव मार्केट किती अंतरावर आहे ते सांगा आणि बाथरूममध्ये धरायला दांडा लावून ठेवा.

पण गावाबाहेर भायली, कलाली, आजवा रोडपलीकडे नव्या स्कीममधला फ्लॅट किंवा एखादं जुनं टेनामेंट (स्वतःच्या जमिनीवरचं छोटं बैठं घर), हा तुमचा खरा प्रतिस्पर्धी. बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर (४५ लाखांपर्यंत, बडोद्यासारख्या शहरात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत) १ टक्का जीएसटी लागतो, आणि तयार, बी.यू. असलेल्या फ्लॅटवर लागतच नाही. तुमच्या बाजूने बोलायला हे आहे: जीएसटी नाही, ताबा लगेच, भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरायची पाळी नाही, बाजार पायाखाली. टेनामेंटवाल्याला मात्र जमीन मिळते. तुम्हाला मिळतो तो जमिनीतला अविभाज्य हिस्सा, आणि जुन्या सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं चालू असेल तर त्यालाच भाव येतो. बोलणं म्हणजे बैठकीचा ठराव. जिन्यातल्या गप्पा ऐकून गिऱ्हाइकाला आशा लावू नका.

भाव ठरवताना शेजाऱ्यांनी मागितलेला भाव विचारू नका, मिळालेला विचारा. तुमच्याच इमारतीत किंवा लागून असलेल्या दोन-तीन इमारतींत गेल्या वर्षभरात झालेले सौदे शोधा, प्रत्येकाचा कार्पेटवर दर काढा, मजला, पार्किंग आणि लिफ्टप्रमाणे थोडं कमी-जास्त करा. २२ लाख सहाशे फुटांवर ३,६६७ वाटतात. चारशे कार्पेटवर ५,५०० आहेत, आणि हुशार गिऱ्हाईक हाच आकडा धरून तुलना करतो. जंत्री, म्हणजे सरकारने ठरवलेले मालमत्तेचे दर, तेही पाहून ठेवा. १५ एप्रिल २०२३ पासून जंत्री वाढली तेव्हापासून काही जुन्या भागांत ती बाजारभावाच्या फार जवळ गेली आहे. स्टॅम्प ड्यूटी जंत्री आणि सौदा यांत जे जास्त त्यावर लागते, म्हणून जंत्रीखाली भाव उतरवला तरी गिऱ्हाइकाची ड्यूटी कमी होत नाही. आणि जंत्री तुमच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर निघाली तर आयकर तुमचा नफा जंत्रीनेच मोजतो.

घासाघिशीसाठी चार-पाच टक्के वर ठेवा, त्याहून जास्त नाही. पंधरवड्याला पंचवीस-पंचवीस हजारांनी भाव उतरवत गेलात तर दलाल गिऱ्हाइकाला थांबायलाच सांगतात. उतरवायचाच असेल तर एकदा, नीट. आणि पाच दलालांना पाच भाव देऊ नका. दोघं पुरेत, दोघांना एकच आकडा.

जाहिरात गुजराती आणि मराठी दोन्हींत द्या. मजकूर असा: ‘मांजलपूर, पहिला मजला, वन बीएचके. कार्पेट ४०० फूट, गॅलरी वेगळी ३२ फूट. बी.यू. आणि मंजूर नकाशा आहे. कर्ज मिळतं. पूर्ण रक्कम चेकने. पाइप गॅस, बाइक पार्किंग. मेंटेनन्स महिना ८००. २२ लाख.’ ‘प्रशस्त’, ‘आलिशान’ हे शब्द छोट्या फ्लॅटवर हसू आणतात. फोटो सकाळी नऊ ते अकरा, दिवे लावून, कोपऱ्यातून, छातीच्या उंचीवरून. मोबाइलची अतिरुंद लेन्स वापरू नका: फोटोत हॉल बावीस फुटांचा दिसतो, आणि प्रत्यक्षात अकराचा बघून आलेला माणूस दारातच निराश होतो.

बानाखत

टोकन घेतल्यावर लांबवू नका. आठवड्यात बानाखत करा आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कार्पेटचं माप, रक्कम आणि ती कोणत्या हप्त्यांनी, दस्तावेजाची मुदत (कर्ज असेल तर ६० दिवसांपेक्षा कमी नको, अशांत धाऱ्याची परवानगी लागत असेल तर ती मिळाल्यापासून मोजा), आणि बँकेने कागदांच्या कारणाने कर्ज नाकारलं तर टोकन पूर्ण परत. ही शेवटची अट मालकांना टोचते. पण फाइल पक्की असेल तर तुमचं काहीच जात नाही, आणि ती वाचून गिऱ्हाईक सही करायला तयार होतो. गिऱ्हाइकाने उगीच माघार घेतली तर किती रक्कम कापायची तेही याच कागदावर आत्ताच ठरवा.

मूल्यांकनाच्या दिवशी स्वतः घरी थांबा. नकाशा, बी.यू.ची प्रत, इमारतीतल्या अलीकडच्या सौद्याचा इंडेक्स-२ टेबलावर ठेवा. मूल्यांकन दीड लाखाने वर गेलं तर गिऱ्हाइकाचं कर्ज १,३५,००० ने वाढतं आणि तेवढेच त्याचे स्वतःचे पैसे कमी लागतात.

दस्तावेजाच्या आधीच्या आठवड्यात वेरा, मेंटेनन्स, वीज, गॅस यांची बाकी शून्य करा. त्या दिवशी मीटरचा आणि गॅसचा आकडा दोघांनी मिळून फोटोत घ्या आणि ताबापावतीवर लिहा. वीज आणि गॅसची अनामत गिऱ्हाइकाला द्यायची की परत घ्यायची, सोसायटीतला सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेली रक्कम) कोणाचा, पंखे-गीझर-जाळ्या घरासोबत जातात की नाही, हे सगळं बानाखताच्या मागच्या पानावर यादी करून लिहिलेलं असावं. दोन पंख्यांवरून सब-रजिस्ट्रारच्या दारात भांडण झालेलं कोणालाच परवडत नाही.